कुरकुंभची बॅच आणि सुपरकॉम्प्युटरचं गणित

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कुरकुंभ एमआयडीसीत तुमचा मध्यम आकाराचा स्पेशालिटी केमिकल्सचा कारखाना आहे. नायट्रेशन, हायड्रोजनेशन आणि थोडंफार क्लोरिनेशन, म्हणजे रेणूला नायट्रो गट, हायड्रोजन किंवा क्लोरीन जोडण्याचं काम चालतं. आर अँड डीत सहा माणसं आहेत. जर्मनीतल्या एका मोठ्या कंपनीने रसायन-संशोधनासाठी स्वतःचा सुपरकॉम्प्युटर बसवल्याचं मालकांच्या वाचनात आलं. आता ते विचारतात की आपणही असं काही करायचं का, त्याने लॅबमधले प्रयोग कमी होतील का, यंत्र विकत घ्यायचं की भाड्याने वापरायचं, आणि सुरुवात कुठून करायची.

पुण्यात मी गेली सव्वीस वर्षं हेच काम करते आहे. आधी पीएचडी, मग दोन कंपन्यांच्या आर अँड डीत नोकरी आणि आता सल्लागार. म्हणून जरा लांबलचक लिहिते. निष्कर्ष आधीच सांगून टाकते: सुपरकॉम्प्युटर जरूर वापरा, पण यंत्र विकत घेऊ नका. आणि पहिलं गणित लावण्याआधी एका कागदावर लिहून काढा, की उत्तर ‘अ’ आलं तर प्लांटमध्ये काय बदलणार आणि ‘ब’ आलं तर काय बदलणार. दोन्ही रकान्यांत सारखंच लिहिलं जात असेल तर ते गणित करूच नका. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी निम्मे प्रश्न या कागदावरच संपतात.

मालकांनी वाचलं ते बहुधा बीएएसएफ या रसायन कंपनीबद्दल असावं. त्यांनी २०१७ मध्ये लुडविग्सहाफेनला ‘क्युरिऑसिटी’ नावाचा सुपरकॉम्प्युटर सुरू केला. क्षमता १.७५ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला १७५० लाख कोटी आकडेमोडी. आपल्या मोजमापात हा आकडा लगेच डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून दुसरी बाजू सांगते. त्या यंत्रामागे शंभराहून जास्त वर्षांचा नोंदवलेला प्रयोगांचा साठा आहे. अमोनियासाठी लोखंडाचा कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, याच कंपनीत अल्विन मिटाश यांनी शोधला, तोही हजारो मिश्रणं एकामागून एक तपासून. एवढं केलेली माणसं गणिताकडे वळतात तेव्हा गणिताला काय विचारायचं हे त्यांना ठाऊक असतं. तुमची बरोबरी त्यांच्या यंत्राशी होणार नाही आणि ती करायची गरजही नाही. त्यांची विचारण्याची पद्धत मात्र सहा माणसांच्या आर अँड डीलाही घेता येते.

पुण्याजवळ असल्याचा तुम्हाला मोठा फायदा आहे. परदेशातून हवा तसा ताकदवान संगणक मिळेना, म्हणून १९८८ मध्ये सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची स्थापना पुण्यात झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा राहिला. पुढे २००७ च्या नोव्हेंबरमध्ये टाटा समूहाच्या सीआरएलने पुण्यातच बसवलेला ‘एका’ हा सुपरकॉम्प्युटर जगाच्या यादीत चौथा आला. त्याची मोजलेली क्षमता जवळपास ११८ टेराफ्लॉप्स होती (हजार टेराफ्लॉप्स म्हणजे एक पेटाफ्लॉप). तो पूर्णपणे खासगी पैशातून उभा राहिला होता, आणि उद्योगातल्या माणसाने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच आहे. त्यानंतर पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म आला, तिथूनच जवळ हवामानवाल्यांकडे प्रत्युष आला आणि मग अर्क. एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तर १९५० पासून पाषाण रोडवर आहेच. म्हणजे रसायनशास्त्रज्ञ आणि मोठी यंत्रं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. असं शहर देशात क्वचितच सापडेल, आणि कुरकुंभहून सोलापूर रस्त्याने तुम्ही सकाळी निघून दुपारपर्यंत काम उरकून परत जाऊ शकता.

आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे ‘सुपरकॉम्प्युटर’ या शब्दाचं दडपण कमी होईल. ‘एका’ची ती सगळी ताकद आज चांगल्या प्रतीच्या तीन-चार जीपीयू कार्डांत कागदावर तरी मावते. त्यामुळे तुमच्या कामाला खरोखर किती मोठं यंत्र लागतं हा वेगळा प्रश्न आहे. त्याकडे नंतर येते.

आधी यंत्र नेमकं काय करतं ते बघू. रेणूतल्या इलेक्ट्रॉनची मांडणी काढायची आणि त्यावरून ऊर्जा काढायची, हे मूळ काम. कोणती मांडणी स्थिर आहे, एका मांडणीतून दुसरीत जाताना मध्ये किती उंच घाट चढावा लागतो, हे त्यातून कळतं. हे व्यवहारात शक्य झालं ते मुख्यतः डीएफटी (डेन्सिटी फंक्शनल थिअरी) या पद्धतीमुळे. त्याबद्दल वॉल्टर कोन यांना १९९८ चं नोबेल मिळालं आणि गणनेच्या पद्धती विकसित केल्याबद्दल जॉन पोपल यांना त्यांच्यासोबत. डीएफटीत अणूंची संख्या दुप्पट केली की काम साधारण आठपट वाढतं. त्याहून अचूक मानली जाणारी कपल्ड क्लस्टर पद्धत घेतली तर तीच दुप्पट संख्या काम १२८ पट वाढवते. सुपरकॉम्प्युटर लागतो तो यामुळे. एक रेणू लॅपटॉपवरही सुटतो. धातूच्या पृष्ठभागावर बसलेला, भोवती सॉल्व्हंट, म्हणजे द्रावक, असलेला तोच रेणू सुटत नाही.

अणूंची हालचाल बघायची असेल तर अडचण वेळेची असते. प्रत्येक पायरी साधारण एका फेम्टोसेकंदाची घ्यावी लागते. तुमच्या रिॲक्टरमधल्या एका सेकंदासाठी अशा एकावर पंधरा शून्यं इतक्या पायऱ्या लागतील. म्हणून ‘अख्खी बॅच संगणकात चालवून बघू’ असं कोणी सांगितलं तर त्या माणसाला चहा पाजा आणि परत पाठवा. बॅचमधली एक पायरी, एक बंध, एक जागा, एवढंच बघता येतं. ती कोणती बघायची ते माणसाने ठरवायचं.

आता अचूकतेबद्दल. इथे नवीन माणूस हमखास फसतो. खोलीच्या तापमानाला अडथळ्याच्या ऊर्जेत, म्हणजे त्या घाटाच्या उंचीत, मोलमागे १.४ किलोकॅलरीचा फरक पडला की वेग दहापट बदलतो. डीएफटीने काढलेल्या अडथळ्यात २ ते ५ किलोकॅलरींची चूक ही रोजची गोष्ट आहे. तीन किलोकॅलरींची चूक म्हणजे वेगात दीडशेपट. ‘ही रिॲक्शन चार तासांत होईल का’ असं यंत्राला विचाराल तर उत्तर दोन मिनिटं येईल किंवा पंचवीस दिवस येईल, आणि दोन्ही उत्तरं दिसायला तितकीच ठाम असतील. २००५ मध्ये रुथेनियमवर अमोनिया तयार होण्याचा वेग निव्वळ गणितातून, एकही आकडा प्रयोगाला जुळवून न घेता काढला गेला आणि तो प्रत्यक्षाच्या तीन ते वीस पटींच्या आत आला. या क्षेत्रात ती फार मोठी मजल मानली जाते. तुमच्या प्रॉडक्शन मॅनेजरला ‘वीस पटींच्या आत’ चालणार आहे का?

पण तोच प्रश्न तुलनेचा केला तर चित्र बदलतं. पॅलेडियमपेक्षा प्लॅटिनमवर हा बंध तुटायला जड जातो का? नवा गट रेणूच्या कड्यावर शेजारच्या (ऑर्थो) जागेपेक्षा समोरच्या (पॅरा) जागी बसण्याकडे जास्त कल आहे का? सॉल्व्हंट बदलला तर दोन अडथळ्यांतलं अंतर वाढतं की कमी होतं? अशा तुलनेत दोन्ही बाजूंच्या चुका बऱ्याच अंशी सारख्या असतात, म्हणून वजाबाकीत त्या निघून जातात. म्हणून माझा आग्रह असतो की यंत्राला कधीही एक आकडा मागू नका, दोन मागा आणि त्यांतला फरक वापरा.

तुमच्याकडे हायड्रोजनेशन आहे, म्हणून माझं एक काम तपशिलात सांगते. कंपनीचं नाव सांगणार नाही. रेणूसुद्धा त्यांचा नेमका नाही, त्याच्या जवळचा घेते: पॅरा-क्लोरोनायट्रोबेंझिनपासून पॅरा-क्लोरोॲनिलिन. नायट्रोचं अमाइन करायचं पण क्लोरीनला हात लावायचा नाही. पॅलेडियम ऑन कार्बन, म्हणजे कार्बनच्या भुकटीवर बसवलेला पॅलेडियम, कॅटॅलिस्ट म्हणून वापरला तर थोडा क्लोरीन गळतो आणि ॲनिलिन इम्प्युरिटी म्हणून येतं. कुठल्याही हायड्रोजनेशनवाल्याला हे दुखणं माहीत आहे. त्यांच्या काही बॅच मर्यादेत येत होत्या, काही बाहेर जात होत्या. कॅटॅलिस्ट तोच, लॉट तोच, तापमान तेच. आर अँड डीने मला विचारलं, ‘कुठल्या धातूवर डीक्लोरिनेशन (क्लोरीन गळणं) कमी होईल ते काढून द्या.’

मी काम घेतलं. पॅलेडियमचा चार थरांचा तुकडा, ६४ अणू, त्यावर १४ अणूंचा रेणू आडवा ठेवलेला. मग प्लॅटिनम, मग दोघांची मिश्रणं. यंत्राच्या क्यूमध्ये, म्हणजे कामांच्या रांगेत, जॉब लागले. दोन आठवड्यांनी माझ्याकडे सुबक आलेख होते आणि निष्कर्ष असा की प्लॅटिनम बरा. जे हायड्रोजनेशनची कुठलीही जुनी पुस्तकं सांगतात, तेच. मुख्य म्हणजे त्यात त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. धातू बदलला नसतानाही एक बॅच चांगली आणि दुसरी वाईट का, हा खरा प्रश्न होता आणि तो कोणी मला विचारलाच नव्हता. मीही विचारला नव्हता.

मग मी प्लांटवर गेले. रात्रपाळीला एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. बॅच कार्ड चाळता चाळता मी त्यांना विचारलं, ‘मामा, तुमच्या मते कुठली बॅच बिघडते?’ ते म्हणाले, ‘मॅडम, हायड्रोजन ओढायचं थांबलं की लगेच उतरवलेली बॅच कधी बिघडत नाही. लॅबचा रिपोर्ट येईस्तोवर ताटकळत ठेवलेली बिघडते. रात्री लॅबला माणूस नसतो, तेव्हा दोन-दोन तास जातात.’

हे वाक्य माझ्या दोन आठवड्यांच्या गणितापेक्षा मोलाचं होतं. आता प्रश्नाला आकार आला. नायट्रो रेणू शिल्लक असेपर्यंत क्लोरीन सुरक्षित राहतो आणि नायट्रो संपला की गळायला लागतो, असं का? परत ६४ अणूंचा तुकडा घेतला, पण या वेळी रिकामा नाही. एकदा नायट्रो रेणूंनी झाकलेला, एकदा नुसत्या हायड्रोजनने झाकलेला. आणि प्रत्येक वेळी त्यावर क्लोरोॲनिलिन बसवून पाहिलं.

इथे थोडं जवळून सांगते, कारण हे काम प्रत्यक्षात कसं दिसतं याची तुमच्या आर अँड डीतल्या मुलांना कल्पना यायला हवी. बंध तुटण्याचा घाटमाथा सापडला की नाही हे ओळखायची खूण अशी, की त्या जागी कंपनसंख्या काढल्या की नेमकी एकच ऋण येते. लॉग फाइलमध्ये ती पहिल्या ओळीत दिसते. पण नुसता ऋण आकडा बघून टिक करायची नाही. ते कंपन स्क्रीनवर हलवून बघायचं. आमच्या बाबतीत कार्बनपासून क्लोरीन लांब जाताना दिसला पाहिजे आणि पॅलेडियमच्या दोन अणूंमधल्या खळगीकडे सरकताना दिसला पाहिजे. एका विद्यार्थ्याने दुसऱ्या एका रेणूवर हे न बघता आकडा पुढे पाठवला होता. त्याच्या स्क्रीनवर टोकाचा मिथाइल गट जागच्या जागी फिरत होता, बंध तुटतच नव्हता. त्या आकड्यावर आणखी आठ दिवसांचं काम उभं राहिलं आणि ते सगळं टाकून द्यावं लागलं. दुसरी खबरदारी म्हणजे बेंझिनची चकती धातूवर आडवी बसते ती मुख्यतः डिस्पर्शन बलांनी, म्हणजे रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाने. साध्या डीएफटीला ही बलं नीट दिसत नाहीत, म्हणून डिस्पर्शन करेक्शन चालू ठेवायचंच. ते विसरलं तर रेणू पृष्ठभागावरून जणू तरंगत राहतो आणि पुढचं सगळं चुकतं.

उत्तर स्वच्छ आलं. नायट्रो गट धातूला घट्ट धरतो. तो असेपर्यंत क्लोरोॲनिलिनला आडवं व्हायला जागाच मिळत नाही, आणि आडवं झाल्याशिवाय कार्बन-क्लोरीन बंध धातूच्या टप्प्यात येत नाही. नायट्रो संपला की जागा मोकळी होते. मामांनी पाहिलेलं होतं ते हेच.

मग लगेच कोणी म्हणेल, हायड्रोजन ओढणं थांबलं की ताबडतोब व्हेंट करा, म्हणजे दाबातला हायड्रोजन सोडून द्या, प्रश्न मिटला. तसं करू नका, आणि हे मी ठासून सांगते. नायट्रोपासून अमाइन होताना मध्ये हायड्रॉक्सिलअमाइन तयार होतं. हायड्रोजन ओढणं मंदावलं तरी ते थोडं शिल्लक असू शकतं आणि हा पदार्थ तापला तर स्वतःच उष्णता सोडत विघटित होतो. अर्धवट बॅच उतरवून गरम ठेवणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. ही गोष्ट माझ्या गणितात कुठेच नव्हती. ती त्यांच्या सेफ्टीवाल्या बाईंनी सांगितली आणि रिॲक्शन कॅलोरिमीटरवर (रिॲक्शनची उष्णता मोजणाऱ्या उपकरणावर) तपासून घेतली. गणिताने एवढं मात्र सुचवलं की क्लोरीन तुटण्याचा अडथळा हायड्रॉक्सिलअमाइनच्या पुढच्या पायरीपेक्षा उंच आहे. ज्याचा अडथळा उंच, त्याला थंडी जास्त बाधते. म्हणून शेवटी असं ठरलं की हायड्रोजन ओढणं थांबलं की व्हेंट न करता बॅच थंड करायची, हायड्रोजनचा दाब कमी पण चालू ठेवायचा, आणि एचपीएलसीचा (लॅबमधल्या शुद्धतेच्या तपासणीचा) रिपोर्ट येईपर्यंत तशीच धरायची. लॅबच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या भांड्यात) तीन वेगवेगळ्या तापमानांना हे करून पाहिलं आणि मगच प्लांटला नेलं. बॅच कार्डवर एक ओळ वाढली आणि रात्रपाळीला लॅबमध्ये एक माणूस बसायला लागला.

या कामात दुसऱ्या फेरीचं गणित जेमतेम आठ-दहा दिवसांचं होतं. पहिल्या फेरीचं दोन आठवड्यांचं गणित वाया गेलं, कारण प्रश्न चुकीचा घेतला होता. तुमच्या मालकांना सांगण्यासारखं काही असेल तर ते हे.

हायड्रोजनेशनशिवाय तुमच्यासारख्या कारखान्याला कुठे उपयोग होईल तेही सांगते. सॉल्व्हंट निवडणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे. बायरमध्ये असताना आंद्रेयास क्लाम्ट यांनी कॉस्मो-आरएस ही पद्धत विकसित केली. तिने पन्नास-शंभर सॉल्व्हंटमधली विद्राव्यता दोन दिवसांत अंदाजाने लावून क्रम मिळतो. त्यातले वरचे पाच लॅबमध्ये तपासायचे. यासाठी सुपरकॉम्प्युटर लागतच नाही, एक चांगला वर्कस्टेशन पुरतो. तुमची पहिली कमाई बहुधा इथेच होईल.

अनोळखी इम्प्युरिटी ओळखण्यासाठी तिचा एनएमआर (रचना ओळखायला वापरतात तो वर्णपट) गणिताने काढून प्रयोगाशी ताडून बघता येतो. हेक्सासायक्लिनॉल नावाच्या एका नैसर्गिक पदार्थाची छापून आलेली रचना चुकीची आहे हे २००६ मध्ये अशाच गणितातून दाखवलं गेलं आणि नंतर प्रत्यक्ष संश्लेषणाने ते खरं ठरलं. तुमच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) ‘अननोन ०.१२ टक्के’ म्हणून वर्षानुवर्षं पडून असलेले पीक असतील तर त्यांच्यासाठी हा मार्ग चांगला आहे.

औषधांचे इंटरमिजिएट करत असाल तर स्फटिकांचे प्रकार हा विषय तुम्हाला कधी ना कधी भेटेलच. १९९८ मध्ये रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाचा नवा, कमी विरघळणारा स्फटिक अचानक दिसू लागला आणि बाजारातल्या कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. संभाव्य स्फटिकरचना आधीच गणिताने काढून ठेवण्याचं काम त्यानंतर औषध कंपन्यांनी मनावर घेतलं. हे मात्र खरोखर मोठ्या यंत्राचं काम आहे. हजारो रचना आणि त्यांच्यात ऊर्जेचा अगदी बारीक फरक. ते तुम्ही स्वतः करू नका, बाहेरून करून घ्या.

नायट्रेशनसाठी मी तुम्हाला वेगळ्याच दिशेला पाठवेन. तिथे तुमचा प्रश्न रेणूचा कमी आणि भांड्याचा जास्त असणार. एक लिटरच्या फ्लास्कवरून पाच किलोलिटरच्या रिॲक्टरवर गेलात की आकारमान ५००० पट होतं, पण प्रत्येक लिटरमागे उष्णता बाहेर काढायला मिळणारी भिंत सतरापट कमी होते. ॲसिड पडतं तिथे एखाद्या कोपऱ्यात ते साचत असेल, ढवळणी तिथपर्यंत पोचत नसेल, तर त्या कोपऱ्यात तापमान किती चढतं हे सीएफडीने, म्हणजे द्रवाच्या प्रवाहाच्या गणिताने, दिसतं. अशी मॉडेल मोठ्या यंत्रावर चांगली पसरतात आणि उत्तर रंगीत चित्रात मिळत असल्यामुळे प्लांटची माणसं त्यावर बोलायला लागतात. मी एका बैठकीत मेंटेनन्सच्या फोरमनना स्क्रीनवरच्या लाल डागाकडे बोट दाखवून ‘इथे तर आमची डिप पाइप (ॲसिड आत सोडायची नळी) येते’ असं म्हणताना ऐकलंय. त्या पाइपची लांबी बदलणं ही त्या प्रकल्पातली एकमेव सुधारणा होती आणि ती पुरेशी होती.

आता यंत्राचा खर्च. विकत का घेऊ नका? पूर्ण भाराने चालणारा एक नोड, म्हणजे मोठ्या यंत्रातला एक सुटा संगणक, साधारण घरच्या इस्त्रीइतकी, म्हणजे किलोवॅटच्या आसपास वीज ओढतो, फक्त इस्त्री दहा मिनिटांत बंद होते आणि हा रात्रंदिवस चालतो. दहा नोड म्हणजे दिवसाला २४० युनिट, त्यावर एसीची वीज वेगळी. वीज गेली तर यूपीएस, जनरेटर. एप्रिल-मेमध्ये कुरकुंभला खोली थंड ठेवणं हेच एक काम होऊन बसेल. शिवाय हे सगळं सांभाळायला एक सिस्टिमचा माणूस पूर्णवेळ लागतो. आणि सहा माणसांची आर अँड डी त्या यंत्राला वर्षातले तीन महिनेसुद्धा काम देऊ शकणार नाही.

दुसरी बाब. जास्त कोअर (प्रोसेसरमधले आकडेमोड करणारे भाग) दिले की काम त्याच प्रमाणात लवकर होतं हा समज सोडा. कामाचा फक्त पाच टक्के भाग एकामागून एक करावा लागणारा असेल, तर हजार कोअर लावले तरी वेग वीसपटीच्या वर जात नाही. ७८ अणूंचा माझा तो तुकडा शेकडो कोअरवर टाकला असता तर कोअर एकमेकांना निरोप देण्यातच वेळ घालवत बसले असते. त्यापेक्षा तसे वीस जॉब वेगवेगळ्या नोडवर एकाच वेळी टाकायचे. मोठ्या यंत्राचा खरा फायदा उद्योगाला मिळतो तो असा, एकाच प्रश्नाचे वीस पर्याय एका रात्रीत. म्हणून भाड्याने वेळ घेताना आधी एकच नमुना जॉब ८, १६, ३२, ६४ कोअरवर चालवून बघा आणि जिथे फायदा थांबतो तिथे थांबा. या एका दिवसाच्या कामाने बिल निम्मं झालेलं मी पाहिलं आहे.

वेळ कुठून घ्यायचा? सी-डॅककडे उद्योगासाठी काय अटी आहेत ते जाऊन विचारा. शैक्षणिक संस्थेबरोबर करार करून संयुक्त प्रकल्प करता येतो, पण तिथे विद्यार्थ्याला पेपर छापायचा असतो आणि तुम्हाला गुपित ठेवायचं असतं. ही गोष्ट पहिल्याच दिवशी कागदावर स्पष्ट करा. क्लाउडवर नोड तासाने मिळतात. एखाद्या महिन्याच्या कामाला ते सोयीचं, वर्षभराला महाग. रेणूची गुप्तता हा मालकांचा पुढचा प्रश्न असेल. माझा अनुभव असा की बहुतेक प्रश्न मूळ रेणूऐवजी त्याच्यासारख्या छोट्या, सर्वांना माहीत असलेल्या रेणूवर सोडवता येतात. वर सांगितलेल्या कामात मी हेच केलं. शेपटी कापा, जिथे बंध तुटतो तेवढा भाग ठेवा. गुपितही राहतं आणि अणू कमी झाल्यामुळे खर्चही उतरतो.

मशीन लर्निंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मालक विचारतीलच. डीएफटीच्या लाखो उत्तरांवर शिकवलेली मॉडेल आता तेच काम हजारो पट वेगाने करतात. २०२० मध्ये खुला झालेला ओपन कॅटॅलिस्ट हा साठा बारा लाखांहून जास्त गणितांचा आहे. पण त्यात स्वच्छ पृष्ठभाग आणि लहान रेणू आहेत, सॉल्व्हंट नाही. तुमच्या मिथेनॉलमधल्या, क्लोराइडने माखलेल्या कार्बनवरच्या पॅलेडियमबद्दल ते ठामपणे चुकीचं सांगू शकतं. चाळणी म्हणून वापरा आणि चाळून आलेलं डीएफटीने तपासा. क्वांटम कॉम्प्युटरचा विचार आत्ता करू नका.

माणसं किती लागतील? एक. गणितं करणारी एमएस्सी किंवा पीएचडी झालेली व्यक्ती पुण्यात मिळते. पण तिला पुण्यातल्या ऑफिसात बसवू नका. आठवड्यातले दोन दिवस तरी कुरकुंभला, आणि त्यातली एक रात्रपाळी. लिनक्स आणि क्वांटम एस्प्रेसो (डीएफटीचं सॉफ्टवेअर) ती कुठेही शिकेल. बॅच का ताटकळते हे फक्त तिथेच कळतं.

सुरुवात अशी करा. गेल्या दोन वर्षांची बॅच कार्डं काढा आणि ज्या एका उत्पादनात चांगल्या-वाईट बॅचमधला फरक कोणालाच सांगता येत नाही ते निवडा. सगळ्यात चांगल्या पाच आणि सगळ्यात वाईट पाच बॅच शेजारी शेजारी मांडा. तापमान, दाब, कॅटॅलिस्टचा लॉट हे तर बघाच, पण कुठली पायरी किती वेळ थांबून राहिली हेही बघा, कारण ते बहुतेक कार्डांवर छापील रकान्यात नसतं, समासात पेनाने लिहिलेलं असतं. मग तिन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरांना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारा आणि ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. ती कार्डं आणि ते कागद घेऊन माझ्याकडे या. कुठला बंध, कुठल्या पृष्ठभागावर आणि कशाशी तुलना करायची हे आपण एका दुपारी ठरवू, आणि पहिला जॉब त्याच संध्याकाळी क्यूमध्ये लावू.